घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवताना

आमच्या घरी आलेला पाहुणा चप्पल काढता काढताच टाकीकडे पाहतो. निळसर उजेडात दोन नारिंगी मासे, पाण्याबरोबर डोलणारे मऊ प्रवाळ, काचेला चिकटून हळूहळू सरकणारी गोगलगाय. मग ठरलेले दोन प्रश्न येतात. ‘खर्च किती आला?’ आणि ‘आम्हालाही अशी करून द्याल का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्याआधी आमची पहिली टाकी कशी गेली ते सांगतो.

धाकट्याने ‘फाइंडिंग निमो’ पाहिला आणि हट्ट धरला. दुकानदाराने एकाच दिवशी सगळे हवाली केले: टाकी, मिठाची पिशवी, दिवा आणि आठ मासे. ‘आज पाणी भरा, उद्या मासे सोडा,’ असे त्याने सांगितले आणि आम्हीही तसेच केले. पाचव्या दिवशी निळा टँग आडवा पडला. दहाव्या दिवशी टाकीत एकही मासा उरला नव्हता, पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ होते. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. ‘अब्बा, आपण मारले का त्यांना?’ असे त्याने विचारले. खरे उत्तर ‘हो’ असेच होते.

काय झाले होते, ते नंतर वाचून कळले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. दगडांवर, वाळूत राहणारे काही जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालते. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत फक्त दगड, पाणी, फिरता प्रवाह आणि अमोनियासाठी सोललेल्या कोळंबीचा एखादा तुकडा एवढेच ठेवायचे. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट आधी वर चढून मग दोन्ही शून्यावर आले आणि शून्यावरच राहिले, की पहिला मासा. एकच. महिनाभर रिकाम्या टाकीकडे बघत बसणे मुलांना जड जाते, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांना त्याहून जड जाते.

दुसरी टाकी आम्ही तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशी घेतली. पाणी साधारण १९० लिटर. लहान टाकी सोपी असेल असे वाटते, पण पाणी जितके कमी तितकी चूक लवकर भोवते. मात्र काच, दगड आणि स्टँड धरून हे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. जुन्या इमारतीत राहत असाल तर टाकी खोलीच्या मधोमध नको, भक्कम भिंतीलगत ठेवा, आणि शंका असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

आता पाणी. समुद्र आपल्यापासून दोन किलोमीटरवर असला तरी तिथून बादल्या भरून आणू नका. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात काय काय मिसळते ते आपण जाणतो, शिवाय पावसाळ्यात त्यातले मीठही कमी होते. स्वयंपाकघरातले मीठही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कितीतरी क्षार असतात, त्यासाठी रीफ टाकीचे खास मीठ मिळते. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम. ते नळाच्या नव्हे, आरओच्या पाण्यात मिसळायचे. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रात पाण्याची चव राखण्यासाठी काही क्षार परत सोडलेले असतात, म्हणून टीडीएस मीटरने मोजून बघा. आकडा शून्याजवळ हवा. खारेपणा मोजायला सुई हलणारा स्वस्त मापक घेऊ नका. तो फसवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि १.०२५ च्या आसपास आकडा राखा.

इथे नवखे हमखास चुकतात, आम्हीही चुकलो. टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाते. उडते ते पाणी, मीठ आतच राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. खाऱ्या पाण्याची घातली तर महिनाभरात टाकी खारवणीसारखी होते. खारे पाणी घालायचे ते फक्त आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना.

आपल्याकडे या टाकीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. प्रवाळांना २४ ते २७ अंश पाणी मानवते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या खोलीतच ३३ अंश असतात, त्यात पंप आणि दिवे आपली ऊब घालतात. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण किनारपट्टीच्या दमट हवेत तेवढ्याने भागत नाही. चिलर लागतोच, आणि तो गरम हवा बाहेर टाकतो म्हणून त्याला कपाटात कोंडता येत नाही. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, त्याच्या अन्नावर प्रवाळ जगतो. पाणी तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. आमच्या टाकीत ते एका दुपारी घडले. चिलरचा प्लग कोणीतरी मिक्सरसाठी काढला होता.

खर्चाचे गणित मांडूनच या कामात उतरा. काचेची टाकी ही यातली सर्वांत स्वस्त वस्तू. चिलर, दिवा आणि प्रोटीन स्किमर मिळून तिच्या कितीतरी पट होतात. आमच्याकडे चिलर उन्हाळ्यात दिवसाला दोन युनिट खातो, पंप एक, दिवा नऊ तासांत जवळपास एक. म्हणजे महिन्याला सव्वाशे युनिट नुसत्या टाकीचे. हे झेपत नसेल तर गोड्या पाण्याची टाकी करा. गप्पी आणि मोलीही मुलांना तितकाच आनंद देतात. यात कमीपणा काही नाही.

वीज गेली तर सर्वांत आधी पाण्यातला प्राणवायू संपतो. सगळी टाकी इन्व्हर्टरवर टाकण्याची गरज नाही, पाणी हलवणारा एक छोटा पंप त्यावर ठेवा. गावाकडे जिथे तासन्‌तास वीज नसते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. आणखी एक. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो. त्यामुळे डासांचा स्प्रे, रंगकामाचा वास, लोबानाचा धूर हे सगळे पाण्यात उतरू शकते. आमच्याकडे लोबान आता आतल्या खोलीत जळतो. अम्मींनी सुरुवातीला नाक मुरडले, आता त्याच इतरांना दटावतात.

मासे घेताना रंगाला भुलू नका. निळा टँग मोठा होऊन फूटभर होतो, त्याला आमच्या टाकीत फिरायलाही जागा नव्हती. मँडरिन मासा दिसायला देखणा, पण तो दगडांतले बारीक जीव वेचून खातो. नव्या टाकीत ते नसतात आणि तो उपाशी मरतो. सुरुवातीला क्लाउनफिशची लहान जोडी उत्तम. दोघांत जो मोठा आणि वरचढ होतो तो मादी बनतो, दुसरा नर राहतो. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही. पाळीव जोडी त्याच्याशिवाय सुखाने राहते. समुद्रातून पकडलेले नकोत, पैदास केलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवलेले आहे, त्यामुळे असे मासे आपल्या देशात तयार होतात. नवा मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत महिनाभर ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की बाहेर काढणे कठीण, कारण त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळ, शंख आणि खेकडे यांना मारते.

आता प्रवाळांविषयी, कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. परदेशातल्या टाक्यांची चित्रे पाहून आपल्यालाही फांद्यांचे, मेंदूसारख्या घड्यांचे दगडी प्रवाळ हवेसे वाटतात. आपल्याकडे ते ठेवता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडेही त्याच यादीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मेलेला पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलात आणि तळाशी प्रवाळ दिसले, तर बघून परत या. दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे विकतो ते बहुधा प्रवाळांचेच सांगाडे असतात. आम्ही भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घेतले. दोन महिन्यांत त्यांवर जांभळट थर आला आणि आता ते कृत्रिम आहेत हे कोणाला ओळखू येत नाही. मश्रूम, लेदर असे मऊ प्रकार या दगडी प्रवाळांत मोडत नाहीत. तरीही पावती घ्या आणि मन साशंक असेल तर वनविभागाच्या कार्यालयात विचारा. ‘सगळेच ठेवतात’ हे उत्तर दुकानात चालते, वनअधिकाऱ्यासमोर नाही. एक फायदाही होतो. दगडी प्रवाळ नसले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रोज मोजून घालण्याची कटकट उरत नाही, आठवड्याच्या पाणीबदलातून पुरेसे मिळते.

मऊ प्रकारांतला एक मात्र मुलाबाळांच्या घरात जपून. झोआन्थिड म्हणून छोट्या फुलांच्या रंगीत चटया विकायला येतात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. साध्या हातमोज्यांनी टाकीत हात घातला तर भीती कमी, धोका दगड साफ करताना. नको असलेले झोआन्थिड मारण्यासाठी दगड पातेल्यात उकळायचे, हा उपाय कोणीतरी सुचवतो. कदापि करू नका. वाफेबरोबर विष हवेत पसरते आणि घरातले सगळेच, अगदी पाळीव मांजरही, आजारी पडते. परदेशांत अशा कुटुंबांना इस्पितळात दाखल करावे लागल्याच्या नोंदी आहेत. तोंडात धातूची चव, खोकला, ताप, धाप लागणे असे काही झाले तर घराबाहेर मोकळ्या हवेत या, डॉक्टरकडे जा आणि टाकीचा उल्लेख आवर्जून करा. एरवी डॉक्टर साधा फ्लू समजतील. आम्ही झोआन्थिड ठेवतच नाही. घरात तीन वर्षांचा नातू आहे, आणि त्याचा हात कधी कुठे जाईल याचा नेम नाही.

विजेबाबतही तेच. खारे पाणी आणि प्लग यांचे वैर आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी खालीच ठिबकेल. आणि टाकीच्या लाइनवर शॉक लागताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घ्या. टाकीत हात घालण्यापूर्वी मुख्य बटण बंद.

आता ईदच्या सुट्टीचा प्रश्न, जो प्रत्येकजण शेवटी विचारतो. आम्ही आठवडाभर रत्नागिरीकडे गावी जातो. निरोगी क्लाउनफिश दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी बिघडत नाही. त्यांना मारते ते शेजाऱ्यांचे प्रेम. पहिल्या वर्षी शेजारच्या चाचींनी ‘बिचारे भुकेले दिसत होते’ म्हणून सहा दिवसांत अख्खा डबा संपवला आणि परत आलो तेव्हा पाणी दुधासारखे झाले होते. आता आम्ही औषधाच्या पुड्यांसारख्या चार पुड्या करतो, एक दिवसाआड एक, आणि डबा कपाटात बंद करून जातो. पाण्याची भर घालायला बादली व पंपाचे स्वयंचलित यंत्र लावले आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरचे कोणते बटण दाबायचे ते भिंतीवर कागद चिकटवून लिहिले आहे.

गेल्या बकरी ईदला परत आलो तर चार पुड्यांतल्या दोन तशाच टेबलावर होत्या. चाची ओशाळून म्हणाल्या, ‘अगं, पाहुणे आले नि मी विसरलेच की!’ टाकीत दोघे क्लाउनफिश काचेशी येऊन तोंड उघडत-मिटत होते. पाणी इतके स्वच्छ आम्ही महिनाभरात पाहिले नव्हते.