जिन्यातला दिवा आणि हातचा एक

संगणकाच्या तासाला चपला बाहेर काढून जावं लागे. आत गार हवा, खिडक्यांना जाड पडदे आणि प्रत्येक यंत्रावर प्लॅस्टिकचं आच्छादन. सरांनी ते उचललं की देवघर उघडल्यासारखी शांतता पसरायची. एका यंत्रापुढे आम्ही सात-आठ जण. कळफलकाला हात लावायची पाळी सहामाहीत एकदा. बाकी वेळ वहीत आकृती काढायची: डावीकडे इनपुट, मध्ये सीपीयू, उजवीकडे आउटपुट, मध्ये बाण.

परवा सातवीतल्या भाचीच्या वहीत तीच आकृती दिसली. इतक्या वर्षांत बाणसुद्धा हललेले नाहीत. टेबलाखालच्या पेटीकडे बोट दाखवून तिने सांगितलं, "मामा, हा सीपीयू. संगणकाचा मेंदू." पेटी म्हणजे पत्र्याचा डबा. खरा सीपीयू आत पंख्याखाली बसलेला असतो, चौकोनी बिस्किटाएवढा, आणि त्याच्याही पोटातली सिलिकॉनची चकती जेमतेम नखाएवढी. पण भाचीचं उत्तर परीक्षेत बरोबर धरलं जाणार होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

भारतीय शाळांत संगणक पोचवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ साली 'क्लास' या प्रकल्पाने झाला. त्यात आलेला ब्रिटिश बनावटीचा बीबीसी मायक्रो अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीचा. तो चालू केला की पडद्यावर चित्रं येत नसत. बेसिक भाषेतली आज्ञा टंकल्याशिवाय यंत्र काही करतच नसे. पोरांना आज्ञा रचाव्या लागत. पुढे खिडक्या आणि माऊस आले. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने महाराष्ट्रात लाखो हातांना माऊस धरायला शिकवलं, आणि त्याची गरजही होती. पण शाळेतला संगणक त्या वाटेने वापरण्याची वस्तू होऊन बसला. पुस्तकात आधी भागांची नावं, मग सॉफ्टवेअरचे प्रकार, आणि तर्क उरलाच तर शेवटी, वरच्या इयत्तेत. मला हा क्रम सरळ उलटा करावासा वाटतो. सुरुवात जिन्यातल्या दिव्यापासून.

खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. दोन्ही बटणं खाली असली की दिवा बंद. कुठलंही एक वर केलं की चालू. दोन्ही वर केली की पुन्हा बंद. रोज चढता-उतरता आपण हे करतो आणि वायरमन याला 'टू-वे' म्हणून मोकळा होतो. तर्कशास्त्रात या जोडणीला एक्सऑर म्हणतात: दोघांपैकी नेमका एक 'हो' असेल तरच उत्तर 'हो'. बाकीची मंडळीही घरातच सापडतात. बँकेचा लॉकर तुमची किल्ली आणि बँकेची किल्ली दोन्ही फिरल्याशिवाय उघडत नाही, तो 'आणि'. फाटकावरचं बटण दाबा किंवा दारावरचं, घंटा तीच वाजते, तो 'किंवा'. फ्रिजचं दार मिटताना आतलं बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो, तो 'नाही'.

आता दुसरीतला हातचा आठवा. संगणकाकडे अंक दोनच, शून्य आणि एक. शून्यात शून्य मिळवला, शून्य. एकात शून्य मिळवला, एक. एकात एक मिळवला तर दोन, पण दोन हा अंकच नाही. मग शून्य लिहायचा आणि हातचा एक. लिहिलेला अंक जिन्यातल्या दिव्यासारखा वागतो: दोघांपैकी एकच असेल तर पेटतो, दोन्ही असले की विझतो. आणि हातचा? तो लॉकरसारखा, दोन्ही असतील तरच येतो. एक जिना आणि एक लॉकर जोडला की बेरीज करणारं यंत्र झालं. बेरीज काय असते हे त्यातल्या एकाही बटणाला ठाऊक नाही. ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती, आणि शाळेत आपल्याला कुणी का सांगितली नाही याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

'हो' आणि 'नाही' यांचं बीजगणित मांडलं जॉर्ज बूल यांनी. त्यांचा मुख्य ग्रंथ १८५४ चा. विजेशी या बीजगणिताचा संबंध लागायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेची बटणं आणि बूलचं गणित एकच आहे. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतल्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिले, दोन छोटे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून दोन अंकांची बेरीज करणारं यंत्र बनवलं. त्यांच्या पत्नीने त्याला नाव दिलं 'मॉडेल के'. के म्हणजे किचन.

रिले म्हणजे बोटाऐवजी विजेनेच दाबलं जाणारं बटण. एका बटणातून आलेली वीज दुसरं बटण दाबते, ते तिसरं. एवढी सोय झाली की माणसाने मध्ये उभं राहायला नको. रिलेची जागा निर्वात नळ्यांनी घेतली, नळ्यांची १९४७ साली शोध लागलेल्या ट्रान्झिस्टरने. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपमध्ये ते सुमारे २,३०० होते. आज खिशातल्या मोबाइलमध्ये अब्जावधी आहेत. हार्डवेअरचा इतिहास म्हणजे बराचसा या एका बटणाचं अंग चोरत जाणं.

या प्रवासातला एक थांबा मुंबईतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याची स्मृती म्हणजे चुंबकीय द्रव्याच्या इवल्या कड्या, पोतीच्या मण्यांसारख्या तारांत ओवलेल्या. कडीतलं चुंबकत्व एका दिशेला फिरलं तर एक, उलट दिशेला फिरलं तर शून्य. अशा २,०४८ जागा, प्रत्येकीत ४० अंक. हिशेब केला तर जेमतेम दहा किलोबाइट; 'सुप्रभात' म्हणून रोज येणारा गुलाबाचा फोटो काही त्यात मावला नसता.

दोनच चिन्हांत काय मावणार, ही शंका मराठी मुलांना तरी येऊ नये. 'यमाताराजभानसलगा' त्यांनी व्याकरणाच्या तासाला घोकलेलं असतं. लघु आणि गुरू, दोन चिन्हं. तीन-तीन अक्षरांचे गण किती? नेमके आठ, कारण दोन गुणिले दोन गुणिले दोन. त्या दहा अक्षरांच्या सूत्रात कुठलीही सलग तीन अक्षरं उचला, नवा गण मिळतो. आठातला एकही सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. भुजंगप्रयात वृत्ताच्या ओळीत य गण चार वेळा, म्हणजे बारा अक्षरं. लघूला शून्य आणि गुरूला एक धरून ती ओळ द्विमान संख्या म्हणून वाचली तर १७५५ येते. आपल्या 'क'लाही युनिकोडमध्ये असाच क्रमांक आहे, २३२५. संगणकी लिपीत १००१०००१०१०१. हीही बाराच चिन्हं. छंदशास्त्रकार पिंगलाने संगणक शोधला असं म्हणणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार, पण गण पाठ असलेल्या मुलाला द्विमान पद्धत परकी वाटायचं कारण नाही.

रॅम आणि हार्ड डिस्कचा घोळ मात्र मोठ्यांचाही सुटत नाही. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. सामान फडताळात, पण चिरायचं-परतायचं ते ओट्यावर. ओटा लहान असला की फडताळ भरलेलं असूनही स्वयंपाक रखडतो. अगदी हाताशी मिसळणाचा डबा असतो, ती कॅश. वीज गेली की ओटा पुसून लख्ख.

सॉफ्टवेअरची शाळेतली व्याख्या, 'ज्याला हात लावता येत नाही ते', मला कधीच पटली नाही. भूत, वारा आणि मास्तरांचा मूड यांनाही हात लावता येत नाही. त्यापेक्षा दिवाळीची रांगोळी बघावी. डब्यातली पूड आणि अंगणातली रांगोळी यांचं वजन तेच, फरक मांडणीचा. ठिपक्यांची रांगोळी फोनवर सांगायची तर आई एवढंच म्हणते, "सात ते चार." म्हणजे मधली ओळ सात ठिपक्यांची, दोन्ही बाजूंना ओळीगणिक एक कमी, चार आले की थांब. सदतीस ठिपक्यांचा हा आराखडा तीन शब्दांत. त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा, आणि थांबायची अट. 'चार आले की थांब' हे भाचीला सांगायचं राहिलं तेव्हा ती एक ठिपक्यापर्यंत गेली आणि एकोणपन्नास ठिपके पडले. ती माणूस म्हणून एकावर थांबली. संगणक शून्य, उणे एक, उणे दोन करत अंगण ओलांडून गेला असता.

अशा आज्ञाही आकडेच करून स्मृतीत ठेवाव्यात, माहितीच्या शेजारी, हा विचार जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालातून सर्वदूर गेला. त्याच सुमारास तयार झालेल्या एनिॲक या यंत्राला नवं काम द्यायचं तर तारा उपसून पुन्हा खोचाव्या लागत, त्यात दिवस जात. आता तारा तशाच ठेवून फक्त आकडे बदलले की काम बदलतं.

आमच्या इमारतीला तीन मजले. भाचीला मी विचारलं, "तीन ठिकाणांहून एकच दिवा लावायचा तर?" तिने मला उत्तर न देता वायरमनकाकांना गाठलं. त्यांनी पिशवीतून चार तारांचं बटण काढून दाखवलं, "मधल्या मजल्याला हे." मी तिला एवढंच सांगितलं की बेरजेत हातचा आला की एका घरात तीन अंक जमतात, तिथेही हाच जिना लागतो. ती वही घेऊन जिन्यात गेली. तीन बटणं, आठ ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीला एक फेरी. सहा ओळी भरल्या तेव्हा तळमजल्यावरच्या आजी दार उघडून ओरडल्या, "कोण चाळे करतंय गं दिव्याशी?"