बेस पंचाने उभे कोठे राहावे?

सॉफ्टबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांचे लक्ष पिचर आणि बॅटर यांच्याकडे असते. कॅचरच्या मागे उभे असलेले मुख्य पंचही सर्वांना दिसतात. परंतु मैदानात आणखी एक व्यक्ती असते, जिच्याकडे वाद उपस्थित होईपर्यंत कोणीही पाहत नाही. ती म्हणजे बेस पंच. महाविद्यालयीन सामन्यांत मी बहुधा हे दोनच पंच पाहिले आहेत. बेसवरचे बहुतेक निर्णय त्यामुळे या एकट्याच्या पदरात पडतात. पराभवानंतर परतीच्या एस.टी.त ‘पंच त्यांच्याच बाजूचा होता’ हे वाक्य हमखास ऐकू येते. माझे मत थोडे निराळे आहे. पुष्कळ निर्णय पक्षपातामुळे चुकत नाहीत. पंच चुकीच्या जागी उभा असतो म्हणून चुकतात.

आपणा सर्वांचे डोळे क्रिकेटवर तयार झालेले. तेथे स्क्वेअर लेगचा पंच क्रीझच्या रेषेत उभा राहतो आणि त्याला फारसे हलावे लागत नाही. हीच सवय घेऊन कोणी सॉफ्टबॉलच्या मैदानात उतरला की घोटाळा होतो. येथे दोन बेसमधील अंतर अवघे ६० फूट. चपळ खेळाडू ते सुमारे तीन सेकंदांत कापतो. तेवढ्या अवधीत चेंडू कोणाकडे गेला हे पाहायचे, चार-सहा पावले टाकायची, थांबायचे आणि मगच निर्णय द्यायचा. थांबणे महत्त्वाचे, कारण धावत असताना डोळाही हलतो.

बेसवर कोणीच नसेल तर बेस पंच पहिल्या बेसच्या मागे १८ ते २१ फुटांवर, फाऊल रेषेच्या किंचित बाहेर, होम प्लेटकडे तोंड करून उभा राहतो. पहिल्या बेसवर रनर आला की तो मैदानात येऊन पहिल्या व दुसऱ्या बेसच्या दरम्यान, सेकंड बेसमनच्या मागे जागा घेतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनर असेल तर त्याची जागा शॉर्टस्टॉपच्या मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध. कोणी विचारील, एवढे लांब का? बेसबॉलमध्ये दोनच पंच असले आणि बेसवर रनर असला, तर बेस पंच चौकोनाच्या आतच उभा राहतो. पण तेथे बेसमधील अंतर ९० फूट असते. आपल्या लहान चौकोनात आधीपासून आत उभा राहिलेला पंच चेंडूच्या आणि फेकीच्या वाटेतच येईल.

दुसरे कारण मला अधिक पटते. बेसबॉलमध्ये रनर पिचच्या आधीच बेस सोडून पुढे सरकू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत पाय बेसवर राहिलाच पाहिजे; आधी उचलला तर रनर बाद आणि ती पिच रद्द. म्हणजे पंचाला पिचरचा हात आणि रनरचा पाय हे दोन्ही एकाच नजरेत हवेत. चौकोनाच्या आत उभ्या असलेल्या पंचाला त्यासाठी मान फिरवावी लागेल, आणि मान फिरेपर्यंत पाय उचलला गेलेला असतो.

चेंडू मारला गेल्यावर एक ढोबळ नियम लागू होतो: चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकांत असेल तर पंच बाहेर, चेंडू बाहेर आउटफील्डमध्ये गेला तर पंच धावत आत. दोन्ही वेळा हेतू एकच. चेंडू, क्षेत्ररक्षक, रनर आणि बेस या चारही गोष्टी समोर राहाव्यात, एकही पाठीमागे जाऊ नये.

आता कोनाकडे येऊ. सगळे मर्म येथेच आहे. पहिल्या बेसवर बॅटरला धावणे भागच असते. तेथे चेंडू आधी पोहोचला की पाय, एवढेच पाहायचे. म्हणून पंच फेकीच्या दिशेशी काटकोन साधून १५ ते १८ फुटांवर थांबतो, डोळे बेसवर ठेवतो आणि चेंडू ग्लोव्हजमध्ये पडल्याचा आवाज कानाने टिपतो. याहून जवळ गेला तर पाय आणि ग्लोव्हज एकाच नजरेत मावत नाहीत. टॅग करून बाद करायचे असेल तेव्हा मात्र काटकोन रनरच्या वाटेशी साधायचा, बेसच्या किंचित अलीकडे, आणि अंतरही १० ते १२ फुटांवर आणायचे. कारण आता ग्लोव्हज आणि अंग यांच्यामधली फट दिसायला हवी.

ही फट किती मोलाची असते ते आम्ही एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पाहिले. आमची रनर दुसऱ्या बेसवर घसरत आली. पंच पहिल्या बेसजवळच, तिच्या पाठीमागे उभे होते. त्यांना दिसली तिची पाठ आणि खाली येणारा ग्लोव्हज. त्यांनी ‘आऊट’ दिला. आमच्या बाकावरून ग्लोव्हज तिच्या खांद्यावरून वीतभर वर गेलेला स्पष्ट दिसत होता. सामना आम्ही एका धावेने हरलो. ती तृतीय वर्षाला होती. महाविद्यालयाकडून तो तिचा अखेरचा सामना ठरला. पंच सज्जन होते, त्यांना कोणाशी देणेघेणे नव्हते. दहा पावले पुढे आणि थोडे बाजूला सरकले असते तर त्यांनाही तेच दिसले असते.

योग्य जागी उभे राहूनही सर्व दिसतेच असे नाही. फर्स्ट बेसमन चेंडूसाठी ताणला गेला आणि त्याचा पाय बेसवरून सुटला की काय, अशी शंका असेल तर रेषेच्या कडेने पुढे आलेल्या मुख्य पंचांना ते अधिक चांगले दिसू शकते. बेस पंचाने त्यांना विचारावे, पण निर्णय देण्यापूर्वी. हात वर करून मग विचारणे म्हणजे दोन्ही संघांना मैदानात बोलावण्यासारखेच.

हा सराव बॅट-चेंडूविनाही होतो. जिमखान्याच्या मागे आम्ही चुन्याने चार बेस आखतो. एक जण ‘शॉर्टस्टॉप’, ‘लेफ्ट फील्ड’ असे ओरडतो आणि पंच होणाऱ्याने तेवढ्यात आपली जागा गाठून थांबायचे. मग सर्वांनी तेथे जाऊन पाहायचे, की तेथून बेस खरोखर दिसतो का.