पायांचा डॉक्टर: पोडियाट्रिस्ट नेमकं काय करतात आणि त्यांची गरज कुणाला असते?

दातांसाठी डेंटिस्ट असतो, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ. मग पायांसाठी कोण?

कुरूप झालं की आपण मेडिकलमधून कॉर्न कॅप आणतो. नख रुतलं की घरीच ब्लेडनं कापतो. बहुतेकांचं त्यावर भागतंही. पण मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी हेच घरगुती उपाय पाय गमावण्याची सुरुवात ठरू शकतात. पोडियाट्रिस्टचं काम महत्त्वाचं ठरतं ते इथेच.

पोडियाट्रिस्ट म्हणजे कोण?

पाऊल आणि घोट्याच्या विकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ. एका पावलात २६ हाडं असतात आणि अख्ख्या शरीराचा भार त्यावर येतो. कुरूप, घट्टे, नखांचे विकार, टाचदुखी, सपाट तळवे आणि न भरणाऱ्या जखमा हे सगळं त्यांच्या कामात येतं. चालताना तळव्यावर कुठे जास्त दाब येतो हे पाहून ते योग्य पादत्राणं किंवा इन्सोलही सुचवतात.

त्यासाठी शिक्षण काय लागतं?

हे देशानुसार बदलतं. अमेरिकेत पदवीनंतर ४ वर्षांचा 'डीपीएम' अभ्यासक्रम आणि त्यानंतर साधारण ३ वर्षांची रेसिडेन्सी करावी लागते. तिथले पोडियाट्रिस्ट शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये साधारण ३ वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये ४ वर्षांची पदवी असते. नोंदणी केल्याशिवाय तिथे स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही.

भारतात मात्र ही वाट अजून रुळलेली नाही. पायाचे रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञ, सर्जन आणि मधुमेहतज्ज्ञ यांच्यात विभागले जातात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या केंद्रीय कायद्यात पोडियाट्रिस्टचा उल्लेख आहे, पण सर्वसामान्य रुग्णाला हा तज्ज्ञ सहज सापडत नाही.

मधुमेहाचा पायाशी काय संबंध?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर दीर्घकाळ जास्त राहिली की पायांच्या नसा निकामी होऊ लागतात आणि बधिरता येते. चपलेत खडा गेला, गरम फरशीवर पाय भाजला, तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग वाढतो आणि शेवटी बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

म्हणजे दुखणारा पाय निदान सावध तरी करतो. न दुखणारी जखम जास्त धोक्याची.

ही समज पक्की होण्यात भारताचाही वाटा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की, रुग्णांच्या हातापायांची हानी मुख्यतः वेदना न जाणवल्यामुळे, वारंवार होणाऱ्या इजांमुळे होते. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं.

तपासणीत काय होतं?

१० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात. ट्यूनिंग फोर्कनं कंपनं जाणवतात का, हे तपासतात. पायाची नाडी बघतात. घट्टे निर्जंतुक ब्लेडनं काढतात, कारण घट्ट्याखाली जखम लपलेली असू शकते. कॉर्न कॅपमधलं आम्ल बधिर पायाची त्वचा जाळू शकतं, म्हणून मधुमेहींनी ती वापरू नये.

घरी काय तपासता येईल?

रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तुमच्या बोटानं एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका. या ६ पैकी २ किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांकडे जा.

मग जायचं कुणाकडे?

पोडियाट्रिस्ट नसेल तर मोठ्या रुग्णालयातलं डायबेटिक फूट क्लिनिक शोधा किंवा तुमच्या मधुमेहतज्ज्ञांनाच पाय तपासायला सांगा. प्रत्येक मधुमेहीनं वर्षातून एकदा तरी ही तपासणी करावी, बधिरता असेल तर आणखी लवकर. जखम झाली, बोट काळं पडलं किंवा एकच पाय सुजून गरम लागू लागला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि पुढच्या वेळी साखरेचा रिपोर्ट दाखवायला जाल, तेव्हा चप्पल-मोजे काढून पायही दाखवा.