विद्युत्दाब आणि अंक : घटकबद्ध सिंथेसायझरची आखणी

1969 साली अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत एक अपूर्व वाद्य येऊन दाखल झाले. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारण्यात आला आणि त्यात रॉबर्ट मूग यांच्या बनावटीचा सिंथेसायझर बसवण्यात आला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी 1972 पर्यंत या स्टुडिओत रचना केल्या. त्यांच्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या व त्यांतील निवडक रचना 2023 साली प्रसिद्ध झाल्या. म्हणजे ध्वनी उरला. परंतु ज्या तारांच्या जोडणीतून तो निर्माण झाला, ती जोडणी फितीवर उतरत नाही. या वाद्याच्या तारा उपसल्या की त्या वेळचे वाद्यच नाहीसे होते.

आज अशा वाद्याच्या शेजारी बहुधा संगणक असतो, आणि तो जोडला म्हणजे ही उणीव भरून निघेल असे नवशिक्यास वाटते. प्रत्यक्षात संगणक अंकांची भाषा बोलतो आणि हे वाद्य विद्युत्दाबाची. या दोहोंच्या सीमेवर भाषांतर करावे लागते, व भाषांतरात काय हरवू द्यायचे हे खरेदीपूर्वीच ठरवावे लागते. पुष्कळ जण आधी घटक विकत घेतात आणि हा विचार मागाहून करतात. त्याची किंमत त्यांना दोनदा मोजावी लागते.

प्रथम वाद्याची रचना थोडक्यात पाहू. घटकबद्ध सिंथेसायझर हा स्वतंत्र घटकांचा समूह असतो. आंदोलक मूळ स्वर निर्माण करतो, गाळणी त्यातील काही अंश कमी करते, विवर्धक त्याची तीव्रता ठरवतो आणि आवरण-जनक नावाचा घटक स्वराचा आरंभ, स्थिती व लय कसा व्हावा हे सांगतो. यांपैकी कोणताही घटक दुसऱ्याशी कायमचा जोडलेला नसतो. वादक लहान तारांनी तो संबंध स्वतः जोडतो. गंमत अशी, की स्वर वाहणारी तार आणि आज्ञा वाहणारी तार दिसायला व गुणाने एकच असते. एका आंदोलकाचा स्वर दुसऱ्याला आज्ञा म्हणून देता येतो, व तेथूनच या वाद्याच्या खऱ्या करामतींना आरंभ होतो.

मूग यांनी 1964 साली अमेरिकेत या पद्धतीचे पहिले घटक बनवले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनी निराळ्या विचाराने आपले वाद्य रचले. आज सर्वाधिक प्रचारात असलेला 'युरोरॅक' हा प्रकार मात्र जर्मनीतील डीटर डोपफर यांनी 1995 साली आणला. त्यात घटकाची उंची 128.5 मिलिमीटर ठरलेली असते व रुंदी 5.08 मिलिमीटरच्या एककात मोजतात. अशी 84 एकके म्हणजे सुमारे 427 मिलिमीटरची एक ओळ होते. उंची, वीजजोडणी व तारांचे टोक सारखे असल्यामुळे निरनिराळ्या निर्मात्यांचे घटक एकाच पेटीत नांदू शकतात.

आखणीचा आरंभ पेटी आणि वीजपुरवठा यांपासून करावा. प्रत्येक घटक धन 12 व्होल्ट, ऋण 12 व्होल्ट आणि क्वचित 5 व्होल्ट अशा वेगवेगळ्या पुरवठ्यांतून किती मिलिअँपिअर प्रवाह घेतो हे निर्माता सांगतो; त्या आकड्यांच्या तीन निराळ्या बेरजा कराव्यात. बारा घटक सरासरी 60 मिलिअँपिअर घेत असतील तर बेरीज 720 होते, आणि अशा वेळी त्या पुरवठ्याची क्षमता 1,000 मिलिअँपिअर असावी. कळ दाबताक्षणी घटक क्षणभर अधिक प्रवाह ओढतात, म्हणून ही ऐस. घटक बसवताना वीज पूर्ण बंद असावी व चपट्या तारेची लाल कड ऋण 12 व्होल्टच्या बाजूस आहे याची खात्री करावी. तार उलटी लागली तर नवा कोरा घटक क्षणार्धात निकामी होऊ शकतो.

घटकांच्या निवडीत सर्वत्र आढळणारी चूक म्हणजे आंदोलकांचा मोह. चार आंदोलक आहेत आणि मिश्रक मात्र एकही नाही, अशा पेट्या प्रस्तुत लेखकाने पाहिल्या आहेत. घरात पातेली चार आणि पळी एकही नाही, तशातला हा प्रकार. दाब कमी करणारे, दोन दाबांची बेरीज करणारे, एका दाबाच्या अनेक प्रती काढणारे घटक दिसायला सामान्य असतात, पण वाद्य बोलते ते त्यांच्यामुळे. येथे संगणक आधीच उपयोगी पडतो. 2017 पासून उपलब्ध असलेल्या 'व्हीसीव्ही रॅक'सारख्या प्रणालीत असे घटक पडद्यावर जोडून पाहता येतात, आणि तिची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे. महिनाभर त्यावर काम करावे व ज्या घटकाकडे हात वारंवार गेला त्याची नोंद ठेवावी. ती यादी जाहिरातीतील यादीहून बरीच वेगळी निघते.

आता सीमेवरील भाषांतराकडे वळू. युरोरॅकमध्ये स्वराची उंची बहुधा 'सप्तकाला एक व्होल्ट' या नियमाने ठरते. दाब एक व्होल्टने वाढला की कंप्रता दुप्पट होते, मध्य षड्जाचा तार षड्ज होतो. या दोहोंमधील प्रत्येक दाब हाही एक स्वरच असतो. तेथे पायऱ्या नाहीत. मींड घेणाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती? याउलट संगणक व वाद्ये यांच्यात 1983 पासून रूढ असलेली 'मिडी' ही संदेशपद्धती मुळात पट्ट्यांच्या वाद्यांसाठी घडली. तिच्यात स्वरांना 0 ते 127 असे क्रमांक असतात व दोन क्रमांकांतील अंतर सामान्यतः समान विभागलेल्या सप्तकाच्या बाराव्या भागाइतके, म्हणजे दाबाच्या भाषेत सुमारे 83 मिलिव्होल्ट, धरले जाते. हार्मोनियमवर श्रुती धरता येत नाहीत ही तक्रार आपल्या परिचयाची आहे. संगणकाकडून केवळ स्वरक्रमांक घेतले, तर तीच तक्रार मोकळ्या दाबाच्या या वाद्यावर आपण होऊन ओढवून घेतली जाते.

यावर उपाय आहेत. मिडीमध्ये स्वर वाकवण्याचा स्वतंत्र संदेश असून त्याला 16,384 पायऱ्या असतात. मात्र तो किती अंतरापर्यंत वाकेल हे संगणकात आणि मिडीचे दाबात रूपांतर करणाऱ्या घटकात सारखेच ठरवावे लागते. पुष्कळदा ही मर्यादा दोन अर्धस्वरांची असते. षड्जापासून मध्यमापर्यंत मींड हवी असेल तर पाच अर्धस्वर लागतात. तेव्हा मर्यादा दोन्हीकडे बारा करावी. रूपांतरकाची सूक्ष्मताही विचारून घ्यावी. दहा व्होल्टचा पल्ला 12 द्विमान अंकांनी विभागला तर एक पायरी सुमारे 2.4 मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धस्वराच्या शंभरांपैकी तीन भागांची होते. 16 अंकांचा रूपांतरक असेल तर ती या एका भागाच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान होते. तालवाद्यासारख्या आवाजांना पहिला पुरतो. तंबोऱ्याशी स्वर मिळवायचा असेल तर दुसराच घ्यावा.

दुसरा मार्ग ध्वनी-जोडयंत्राचा, म्हणजे ज्यातून संगणकाचा आवाज बाहेर पडतो त्या उपकरणाचा आहे. त्यातून आज्ञेचा दाबही पाठवता येतो; पण अनेक यंत्रांच्या निर्गमावर धारित्र असते व ते स्थिर दाब अडवते. परिणाम असा की धरून ठेवलेला स्वर हळूहळू घसरत आपल्या मूळ जागी येतो आणि वादक आंदोलकाला दोष देत बसतो. म्हणून स्थिर दाब पार जाऊ देणारे यंत्रच या कामी घ्यावे, आणि तसा उल्लेख निर्मात्याच्या माहितीपत्रकात शोधावा. या मार्गाने प्रति सेकंद 48,000 मूल्ये पाठवता येतात, त्यामुळे वक्ररेषा गुळगुळीत राहते. मिडीच्या साध्या नियंत्रण-संदेशाला 128च पायऱ्या असतात, व गाळणी सावकाश उघडताना त्या स्पष्ट ऐकू येतात.

परतीच्या वाटेवर प्रश्न आकाराचा असतो. युरोरॅकमधील स्वरतरंग शिखरापासून तळापर्यंत साधारण 10 व्होल्टचा, तर व्यावसायिक ध्वनियंत्रांची नेहमीची पातळी त्याच मापाने सुमारे 3.5 व्होल्ट आणि घरगुती यंत्रांची एका व्होल्टहून कमी. तेव्हा मध्ये दाब उतरवणारा निर्गम-घटक हवा, अन्यथा आवाज फाटतो.

वेळेचे गणितही मांडावे लागते. संगणक ध्वनी गठ्ठ्यांनी हाताळतो. 256 नमुन्यांचा एक गठ्ठा 48,000च्या गतीने भरण्यास सुमारे 5.3 मिलिसेकंद लागतात, आणि जाऊन परत येण्यात याच्या दुपटीहून अधिक वेळ जातो. वाजवताना स्वतःचा आवाज मिश्रकावरून थेट ऐकावा, संगणकातून फिरवून ऐकू नये. लयीसाठी मिडी प्रत्येक मात्रेला 24 स्पंद पाठवते, तर घटकांना बहुधा चारच अपेक्षित असतात. रूपांतरकात सहाने भागण्याची सोय असावी. लय धरणारा एकच असावा, संगणक किंवा वाद्य. दोघांनीही आपापला ताल धरला तर काय होते हे मैफलीत बसलेल्यांस सांगावयास नको.

संगणक जोडताच गुणगुण सुरू झाली, असा अनुभव अनेकांना येतो. पेटी व संगणक यांच्या भूसंपर्काचे वर्तुळ पूर्ण झाल्याने आपल्याकडे 50 आवर्तनांचा घरघराट स्वरात मिसळतो. दोन्ही उपकरणे एकाच वीजफळीवरून चालवावीत; तेवढ्याने न भागल्यास ध्वनीच्या मार्गात विलगक रोहित्र घालावे. जुन्या पाच खुंट्यांच्या मिडी जोडणीत संदेश प्रकाशाच्या दुव्यातून जातो, त्यामुळे तिच्यावाटे हा दोष सहसा येत नाही. यूएसबी तारेत तशी आपोआप सोय नसते. भूसंपर्काची जाड खुंटी काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून मुळीच मानू नये.

राहता राहिली अहमदाबादच्या फितींनी उभी केलेली अडचण. संगणक स्वरांचा क्रम, लय व पाठवलेल्या आज्ञा जपून ठेवतो, पण बहुतेक घटकांच्या गोल कळा कोठे वळलेल्या होत्या आणि कोणती तार कोठून कोठे गेली होती हे त्याला कळत नाही. त्यासाठी वही लागते. प्रत्येक रचनेच्या जोडणीची आकृती काढावी, कळांची स्थिती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, 'गाळणी दोनवर' अशी लिहावी, आणि एक छायाचित्रही घ्यावे. आंदोलकाचा स्वर उष्णतेने सरकत असल्यामुळे वीज लावल्यावर अर्धा तास थांबूनच स्वर मिळवावा. मग ध्वनिमुद्रणाच्या आरंभी शून्य, एक आणि दोन व्होल्टवर उमटणारे तीन षड्ज प्रत्येकी दहा सेकंद वाजवून ठेवावेत. सहा महिन्यांनी तीच जोडणी पुन्हा उभारताना आंदोलक प्रथम या तीन स्वरांशी मिळवून घ्यावा लागतो, आणि त्यानंतरच उरलेल्या कळांना हात लावता येतो.