दमा : घरातली काळजी, दवाखान्याची साथ

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली दीर्घकाळची सूज. धूळ, धूर, सर्दी किंवा थंड हवा लागली की या नलिका आकसतात. मग छातीतून घरघर ऐकू येते, खोकला आणि धाप लागते.

नागपुरात या त्रासाची कारणे ऋतूनुसार बदलतात. उन्हाळ्यात कूलरच्या ओलसर, जुन्या ताट्यांवर बुरशी धरू शकते. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला ताट्या बदलाव्यात आणि टाकी नियमित धुवावी. हिवाळ्यात शेकोटीचा धूर व जमिनीलगत साचणारी धूळ त्रास वाढवतात. धुराचा आणखी एक स्रोत म्हणजे शहराजवळच कोराडी आणि खापरखेडा येथे असलेली कोळशावरची वीजकेंद्रे.

उपचारात दोन प्रकारची औषधे असतात. सूज कमी करणारे स्टेरॉइडचे इनहेलर बरे वाटत असतानाही नियमित घ्यावे लागते. दुसरे औषध झटक्यात तात्पुरता आराम देते. प्रौढ व 12 वर्षांवरील रुग्णांनी केवळ आराम देणाऱ्या सॅल्ब्युटामॉलवर विसंबू नये, असे जागतिक मार्गदर्शन 2019 पासून सांगते. इनहेलरची सवय लागते हा गैरसमज आहे. फवारा देणाऱ्या इनहेलरला (पंपाला) स्पेसर नावाची पोकळ नळी जोडल्यास औषध फुप्फुसात नीट पोहोचते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी.

जोरात सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरचा आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेल्यास सावध व्हावे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध घ्यावे. आकडा 50 टक्क्यांखाली गेला, बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर झाले, तर वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.