चौथ्या क्रमांकाचा हिशेब

११ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिक संपलं तेव्हा पदकतालिकेत भारत ७१ वा होता. एक रौप्य आणि पाच कांस्य. तीनच वर्षांपूर्वी टोकियोत हाच देश ४८ वा आला होता. त्याहून झोंबणारी गोष्ट अशी, की अख्ख्या स्पर्धेत एकच पदक मिळवणारा पाकिस्तान ६२ वा होता, कारण त्याचं ते एक पदक सोन्याचं होतं. चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपपर्यंत ठरलेलं वाक्य फिरू लागलं : एकशे चाळीस कोटी लोक आणि सहा पदकं! हे वाक्य दर ऑलिंपिकनंतर येतं. सिडनीच्या वेळी ते शंभर कोटींचं होतं, एवढाच फरक.

पण या वेळी क्रीडाप्रेमींच्या एका गटाने दुसराच हिशेब मांडला. पदकं सहा आणि चौथे क्रमांकही सहा. मनू भाकर २५ मीटर पिस्तुलात चौथी, अर्जुन बबुटा एअर रायफलमध्ये चौथा, मीराबाई चानू चौथी, लक्ष्य सेन चौथा, तिरंदाजीत धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत ही जोडी चौथी, स्कीट नेमबाजीत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नारुका ही जोडीही चौथी. या शेवटच्या जोडीचं कांस्य ४३ विरुद्ध ४४ असं, एका गुणाने हुकलं.

मीराबाईचं गणित तर वाण्याच्या तराजूइतकं उघडं आहे. स्नॅचमध्ये ८८ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये १११. बेरीज १९९. थायलंडच्या सुरोदचना खाम्बाओची बेरीज २००. शेवटच्या प्रयत्नात मीराबाईने बारवर ११४ किलो चढवायला लावले आणि ते तिला पेलले नाहीत. टोकियोत २०२ किलोंवर हीच मीराबाई रौप्यपदक घेऊन आली होती. एका किलोच्या अलीकडे ‘निराशाजनक कामगिरी’ आणि पलीकडे विमानतळावर ढोलताशे, असा हा मामला.

हे काही आजचं नाही. १९२० साली अँटवर्पला जो मूठभर खेळाडूंचा चमू गेला, त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती आणि सर दोराबजी टाटांचा पैसा होता. त्या चमूतले मल्ल रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. ऑलिंपिकशी नीटशी ओळखही झालेली नसताना आपल्या खात्यावर पहिला चौथा क्रमांक जमा झाला तो असा. १९५२ च्या हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते आणि परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरच्याच मातीतले केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले. त्यांचं नाव किती जणांना आठवतं?

१९५६ ला मेलबर्नमध्ये फुटबॉल संघ चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियावरच्या ४-२ विजयात मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल मारले होते. पुढे १९६० ला रोममध्ये मिल्खा सिंग आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा. सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेलं उषाचं पदक हे भारतीय चाहत्यांनी जपलेलं पहिलं दुःख म्हणायला हरकत नाही. पदक नसूनही उषा घराघरांत पोचली, कारण तो क्षण टीव्हीवर परत परत दिसत राहिला. माणगाव्यांचा क्षण कुणाला दिसलाच नव्हता.

मधल्या काळात चाहत्यांची फूटपट्टी कशी बदलली, याला हॉकीइतका चांगला साक्षीदार नाही. १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णं. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानने १-० ने हरवलं आणि रौप्यपदक हा देशाचा अपमान ठरला. १९६८ आणि १९७२ ला कांस्य मिळालं, तेव्हा हॉकी संपल्याची ओरड झाली. आणि आता? टोकियोत जर्मनीला ५-४ ने हरवून कांस्य आलं तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. पॅरिसमध्ये स्पेनला २-१ ने हरवल्यावर गोलरक्षक श्रीजेशच्या निवृत्तीचा सोहळा झाला तोही कांस्याच्या मांडवात. त्याआधी उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी ब्रिटनला थोपवून धरलं होतं आणि साखळीत ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवायला ५२ वर्षं लागली. सेनापती तोच, किल्ला तोच, पण अपेक्षा पार तळघरात जाऊन परत जिना चढू लागल्या होत्या.

ही फूटपट्टी एकाच घरातही मोजून दाखवता येते. वेस पेस हे गोव्याचे डॉक्टर १९७२ च्या म्युनिकमधल्या हॉकी संघात होते, त्यांचं पदक कांस्य. त्यांचा मुलगा लिएंडर १९९६ ला अटलांटात टेनिसमध्ये उतरला, त्याचंही पदक कांस्य. बापाच्या पदकाला देशाने नाक मुरडलं. मुलाच्या पदकाने तोच देश हरखून गेला, कारण मधल्या वर्षांत १९८० चं हॉकीतलं सुवर्ण सोडलं तर हाती काहीच लागलं नव्हतं. १९७६, १९८४, १९८८, १९९२ अशी चार ऑलिंपिकं भोपळा. धातू तोच, आडनाव तेच, पण मोल चोवीस वर्षांत आकाशाला भिडलेलं.

त्यानंतरची चढण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. सिडनीत करनाम मल्लेश्वरी, अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड, बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राचं सुवर्ण आणि एकूण तीन पदकं, लंडनमध्ये सहा. मग रिओला घसरून दोन, तीही सिंधू आणि साक्षी मलिक यांची. रिओच्या सुरुवातीलाच शोभा डे यांनी खेळाडू सेल्फी काढून रिकाम्या हाताने परततात अशा अर्थाचं ट्वीट केलं आणि देशभरातून त्यांना धारेवर धरण्यात आलं. त्याच रिओत माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत होती. दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्समध्ये ०.१५ गुणाने चौथी आली. त्या ट्वीटला या दोघींनी मैदानावरच उत्तर दिलं. पदकाशिवायही काही बघण्यासारखं असतं, हे चाहत्यांना बहुधा तेव्हाच पहिल्यांदा मोठ्या संख्येने कळलं.

पॅरिसमध्ये मात्र चाहत्यांची खरी परीक्षा विनेश फोगाटने घेतली. ६ ऑगस्टला तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं. ही बाई आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही हरली नव्हती. त्याच दिवशी आणखी दोन लढती जिंकून विनेश अंतिम फेरीत पोचली. ७ च्या सकाळी वजनकाट्यावर ती ५० किलोंच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि नियमानुसार थेट शेवटच्या क्रमांकावर गेली. दुपारपर्यंत सारा देश वजन उतरवण्याच्या शास्त्रात पारंगत झाला. कुणी डॉक्टरांना दोष दिला, कुणी प्रशिक्षकांना, कुणाला परदेशी कारस्थानाचा वास आला. क्रीडा लवादाने १४ तारखेला तिचं अपील फेटाळलं. नियम दोन्ही दिवसांच्या वजनाचा होता आणि तो सगळ्यांना माहीत होता, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूलाच राहिली. विनेश अपात्र ठरल्यानंतर दोनच दिवसांनी अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंच्या वर वजन उतरवलं आणि कांस्य जिंकलं, वयाच्या २१ व्या वर्षी. विनेशचं दुःख जेवढं बोललं गेलं तेवढी अमनची ती रात्र बोलली गेली नाही.

पैशाचाही हिशेब निघाला. पॅरिसच्या तयारीवर केंद्राने सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केले. त्यातले सुमारे ७२ कोटी बॅडमिंटनवर, आणि लंडनपासून प्रत्येक वेळी पदक देणारं बॅडमिंटन नेमकं या वेळी रिकाम्या हाताने परतलं. लक्ष्य सेनने कांस्याच्या सामन्यात मलेशियाच्या ली झी जियाविरुद्ध पहिला गेम घेतला आणि पुढचे दोन्ही घालवले. त्यावर प्रकाश पदुकोण यांनी खेळाडूंनीही जबाबदारी घ्यायला हवी असं सुनावलं, तर सगळा दोष खेळाडूच्याच माथी का, असं अश्विनी पोनप्पाने विचारलं. चाहत्यांचे दोन तट पडले. पदुकोणांचं म्हणणं कडू होतं, पण ते खोटं म्हणता येत नाही. पहिला गेम जिंकून पुढे असलेला खेळाडू मागे पडतो तेव्हा कारण दरवेळी सरकारी फाइलीत सापडत नाही. दुसरीकडे नेमबाजीवर सुमारे ६० कोटी खर्चून तीन पदकं आली. रिओ आणि टोकियोत याच खेळात एकही नव्हतं. म्हणजे एका ऑलिंपिकच्या खर्चाला त्याच ऑलिंपिकच्या पदकांनी भागायचं गणित कितपत खरं, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

त्या तीनपैकी एक कोल्हापूरचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये १ ऑगस्टला तिसरा आला. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक. गावात फटाके वाजले, पेढे वाटले, कोल्हापुरात मिरवणूक निघाली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण स्वप्निलच्या कारकिर्दीतली मजेची गोष्ट त्या जल्लोषात फारशी कुणी सांगितली नाही. २०२२ च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला होता आणि त्या चौथ्या क्रमांकानेच भारताला पॅरिसची जागा मिळवून दिली. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर असताना त्याची एक गोळी ७.६ वर गेली. जिथे दहाच्या खाली जाणंही महागात पडतं तिथे ७.६. तो पुन्हा चौथा. पॅरिसच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारलेल्या पहिल्या गोळ्यांनंतर तो मागेच होता. मग झोपून, मग उभ्याने, एकेक स्थान वर सरकत ४५१.४ गुणांवर थांबला. दोन चौथ्या क्रमांकांच्या पायऱ्या चढून आलेलं हे कांस्य होतं.

हांगझोऊचा विषय निघालाच आहे तर तेही सांगायला हवं. ‘इस बार सौ पार’ म्हणत तिथे भारताने १०७ पदकं मिळवली, त्यातली २८ सुवर्णं. आशियात एकशे सात आणि जगात सहा, असं कसं, हा प्रश्न पॅरिसनंतर हमखास विचारला गेला. उत्तर त्या २८ मध्येच आहे. पाच सुवर्णं कंपाउंड तिरंदाजीची, दोन कबड्डीची, दोन क्रिकेटची, दोन स्क्वॉशची. अकरा सुवर्णं अशा खेळांची, ज्यांना पॅरिसमध्ये जागाच नव्हती. नागपूरच्या ओजस देवतळेने तिथे तीन सुवर्णं जिंकली, साताऱ्याच्या अदिती स्वामीनेही सांघिक सुवर्ण आणलं, आणि पॅरिसच्या वेळी दोघंही घरी बसून सामने बघणाऱ्यांत. २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, क्रिकेट आणि स्क्वॉशही येतं आहे. त्या वेळी तालिका चढली तर भारतीय खेळ एकदम सुधारला असं समजायचं, की खेळांची यादी बदलली असं, हे चाहत्यांनी आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

ऑलिंपिकपाठोपाठ पॅरालिंपिक झालं आणि ८४ खेळाडूंनी २९ पदकं आणली, सात सुवर्णांसह १८ वं स्थान. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं. ११७ धडधाकट खेळाडूंना सहा आणि ८४ दिव्यांगांना २९, असे टोमणे लगेच सुरू झाले. पॅरालिंपिकमध्ये ५४९ स्पर्धा असतात, ऑलिंपिकमध्ये ३२९. ही तुलना दोन्हीकडच्या खेळाडूंवर अन्याय करणारी होती. बरं, टोमणे मारणाऱ्यांपैकी सचिनची फेक किती जणांनी थेट पाहिली होती, हेही विचारायला हवं. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकणाऱ्या सांगलीच्याच मुरलीकांत पेटकरांना घराघरांत पोचायला ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट यावा लागला, तोही पॅरिसच्या वर्षी.

आणि नीरज चोप्रा. पॅरिसमध्ये त्याची एकच फेक वैध ठरली, ८९.४५ मीटर. बाकी पाच फाउल. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला टाकला आणि ऑलिंपिक विक्रम केला. नीरजचं हे सलग दुसरं पदक असूनही बऱ्याच चाहत्यांना ते हरल्यासारखं वाटलं. नदीमही आपलाच मुलगा आहे असं नीरजच्या आईने सांगितलं, तेव्हा कुठे वातावरण निवळलं. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकियोत जागतिक स्पर्धा झाली. नीरज आठवा आला, नदीम दहावा. भारतातून तिथे गेलेला सचिन यादव मात्र ८६.२७ मीटर फेकून चौथा आला, कांस्यापेक्षा ४० सेंटिमीटर मागे. त्या रात्री समाजमाध्यमांवर नीरजच्या पाठीच्या दुखण्याची चर्चा होतीच, पण तितक्याच जोरात हा सचिन यादव कोण, तो कुठे सराव करतो आणि लॉस एंजेलिसला त्याचं वय किती असेल, हेही विचारलं जात होतं.