वाढदिवसाला पटावरचे खेळ

पटावरच्या खेळांचा वाढदिवस आखताना आधी पाहुण्यांची संख्या ठरवावी लागते, कारण बहुतेक पट चौघांसाठी असतात. आठ ते दहा वर्षांची १२ मुले असतील, तर चौघांचे तीन गट होतात. बाराजण एकाच पटाभोवती बसले की पाळीची वाट पाहण्यातच मुले कंटाळतात. चौघांत प्रत्येकाची पाळी मिनिटभरात परत येते. सगळ्या आखणीचे सूत्र हेच आहे. प्रत्येक खेळाला २५ मिनिटे धरली, तर जागा बदलत तिन्ही खेळ दीड तासात होतात. औक्षण, केक आणि खाण्याला पाऊण तास ठेवल्यास साडेचार ते सात ही वेळ पुरते.

पहिला खेळ जमिनीवरची सापशिडी. यात मुले स्वतःच सोंगट्या होतात. नेहमीचा १०० घरांचा पट खोलीत मावत नाही. खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने फूटभर लांबीरुंदीची ३६ घरे आखली, तर सहा फूट चौरस जागा पुरते. आकडे खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे आणि वरच्या ओळीत उलट, असे नागमोडी लिहायचे. एका फाशाला सरासरी साडेतीन पडतात, म्हणून प्रत्येकाला साधारण दहा वेळा फासा टाकावा लागतो आणि डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो. फासा पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्याचा करता येतो. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी. जुन्या मोक्षपटात शिड्यांशी सद्गुण आणि सापांशी दुर्गुण जोडलेले असत. त्याच धर्तीवर शिडीच्या पायथ्याशी 'झाडांना पाणी घातले' आणि सापाच्या तोंडाशी 'डबा शाळेत विसरला' असे लिहावे. हा मजकूर वाढदिवस असलेल्या मुलानेच सुचवला तर तयारीतही त्याचा वाटा राहतो.

दुसरा खेळ ल्युडो. पचिसीवरून बेतलेल्या या खेळाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, हा त्याचा नियम वाढदिवसाला जड जातो. सहा वेळा फासा टाकूनही साधारण तीनपैकी एका मुलाला एकदाही सहा पडत नाही. एक पडल्यावरही सोंगटी काढू दिली, तर असे अडकून राहणारे मूल अकरांत एखादेच उरते. वेळ संपताना ज्याच्या जास्त सोंगट्या घरी पोहोचल्या असतील, तो जिंकला असे आधीच सांगून ठेवावे.

तिसरा खेळ चल्लस आठ. पाटावर किंवा फरशीवर पाच बाय पाच घरे आखून फुल्या मारल्या की पट तयार. फाशाऐवजी चार कवड्या किंवा एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके चालतात. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. दोन्ही वेळा पुन्हा डाव मिळतो. फुलीच्या घरातली सोंगटी मारता येत नाही. हा खेळ शिकवायला घरातली आजी असेल, तर उत्तमच.

प्रत्येक पटापाशी एक ताई किंवा दादा बसवावा. नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगावेत, म्हणजे मध्येच भांडण होत नाही. हरलेल्या मुलाला खेळाबाहेर बसवू नये. डाव लवकर संपलेल्यांसाठी कॅरम मांडून ठेवावा. त्याची पावडर पोटात जाऊ नये म्हणून खाण्याआधी सगळ्यांना हात धुवायला लावावेत.

खाणे खेळ संपल्यावरच द्यावे, नाहीतर तेलकट हातांनी पट खराब होतात. चौकोनी केकवर चल्लस आठचा पट काढला, तर त्याचे २५ समान तुकडे होतात आणि घरच्यांनाही पुरतात.

भेट म्हणून कापडावर काढलेला छोटा पट, चार कवड्या आणि चार रंगांच्या १६ सोंगट्या पिशवीत घालून द्याव्यात; म्हणजे शिकलेला खेळ मुलांना घरीही खेळता येतो. मुले निघण्यापूर्वी सगळ्या खेळांच्या सोंगट्या त्यांच्याकडूनच मोजून डब्यांत भरून घ्याव्यात. कॅरमच्या राणीसह १९ भरायला हव्यात.